‘काय मागू?’ विचारणारे पाळकसाहेब

आमच्या हॉस्पिटलचे पाळकसाहेब प्रार्थना करायच्या आधी पेशंटला विचारत, "काय मागू?" दुसरे पाळक खाटेशी उभे राहिले की डोळे मिटून सुरू होत आणि आमेन म्हणून पुढच्या खाटेकडे वळत. हे स्टूल ओढून बसत आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत. हॉटेलातल्या वेटरसारखी ऑर्डर घेतात, म्हणून आम्ही नर्सा मागून हसायचो. लोकही काय वाटेल ते सांगत. पाय मोडलेला एक मेंढपाळ म्हणाला, "भाऊ माघारी मेंढरं इकंल, तेवढं बघा म्हनावं." साहेबांनी मेंढरांसाठी अगदी मनापासून प्रार्थना केली. पायाचं राहून गेलं. मी आठवण केली तर म्हणाले, "पायाचं डॉक्टर बघताहेत की."

ते मूळचे माण तालुक्यातले. उंच, काटकुळे, उन्हानं रापलेले. आमचं मिशनचं हॉस्पिटल सांगलीकडं. चॅपेलमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवरची गाणी पेटीवर रडत रडत चालत. साहेबांनी टाळ-मृदंग आणला आणि सकाळची उपासना कीर्तनासारखी करायला लागले. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांना ते खपेना. एकानं टोमणा मारला, की उद्या कपाळाला बुक्काही लावाल. साहेब म्हणाले, "बुक्क्याचं पुढं बघू. आधी तालात तरी म्हणा." हसले सगळे, पण पंचांनी ते मनात ठेवलं.

आम्हा शिकाऊ नर्सना ते नीतिशास्त्र शिकवत. पुस्तक क्वचितच उघडत. मराठी मासिकातली एखादी कथा मोठ्यानं वाचायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, या बाईच्या जागी तुम्ही काय केलं असतं? आम्ही म्हणायचो, साहेब, परीक्षेला हे येत नाही. "वॉर्डात येतं," एवढंच उत्तर. गर्भपाताचा नवा कायदा आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे तासभर पापावर बोलणार. ते कायद्याबद्दलच बोलले. साताऱ्याला त्यांचे एक वकील स्नेही होते, त्यांच्याकडून त्यांनी तो समजून घेतला होता. कायदा आपल्याला कुंपण दाखवतो, म्हणाले, कुंपणाच्या आत कुठल्या वाटेनं जायचं ते दाखवत नाही. त्यांचं स्वतःचं मत काय, ते मी सरळ विचारलं. भ्रूणाला ते जीव मानत होते. पण मत सांगून झाल्यावर म्हणाले, "माझ्या मतानं त्या बाईचं काही हलकं होत नाही, सिस्टर. म्हणून आधी तिचं ऐकायचं."

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आष्ट्याकडच्या एका जैन घरातल्या म्हाताऱ्या बाई माझ्या वॉर्डात आल्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. पोटातली गाठ पसरली होती, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. हे कळल्यावर अव्वांनी हात जोडले आणि आपण सल्लेखना घेणार म्हणाल्या. शेवट दिसायला लागला की अन्न, मग पाणी कमी करत शांतपणे देह सोडायचा, असं ते जैनांचं व्रत. त्यांच्या गावावरून गेलेल्या मुनिमहाराजांशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. घरच्यांची संमती मात्र लागते, आणि एकुलता एक मुलगा भूपाल ती देईना. तो हळदीचा व्यापारी, दांडगा माणूस, पण आईच्या खाटेशी आला की तिचे पाय चेपत बसायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आईनं तोवर राहावं, एवढंच तो म्हणत होता.

आमचे मोठे डॉक्टर भूपालच्या बाजूनं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यांनी उपाशी पोरं हातात मरताना पाहिली होती. "माझ्या वॉर्डात कुणी अन्नावाचून मरणार नाही," म्हणाले. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा आहे, पोलीस येतील, असंही त्यांनी ऐकवलं. मग समजूत घालायला त्यांनी पाळकसाहेबांना पाठवलं.

साहेब रिवाजाप्रमाणे स्टुलावर बसले आणि विचारलं, काय मागू. अव्वा म्हणाल्या, बरं कर म्हणून मागू नका, नीट जाऊ दे म्हणा. मग साहेब त्यांच्या श्रद्धेनं जे बोलणं भाग होतं ते बोलले.

"अव्वा, जीव देवानं दिलेला. तो त्यानंच परत घ्यावा."

"घेऊ दे की. मी कुठं अडीवलंय? तुमचा डाक्टर अडीवतोय."

मी तापाचा तक्ता भरत होते. साहेब हसतील असं वाटलं, ते हसले नाहीत. पुढं रोज येऊन बसायला लागले. बोलायचं काम अव्वा करायच्या, लहानपणाचं, जिनेंद्राच्या देवळाचं, मेलेल्या नवऱ्याच्या खोड्यांचं. मरायला निघालेल्या बाईसारखं त्यांत काही नव्हतं. साहेब मला म्हणाले, निराश माणूस मी ओळखतो, ही निराश नाही. आणि वधस्तंभावर खिळण्याआधी वेदना मारायला दिलेला पेला आमच्या प्रभूनंही चाखून नाकारला होता. थोड्या वेळानं म्हणाले, "पण हे उदाहरण मला सोयीचं वाटलं म्हणून तर आठवलं नसेल?" असा हा माणूस. एक पाऊल टाकायचा आणि मागं वळून बघायचा.

शेवटी डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलं. भूपालनं सही केली. अव्वांनी नळी उपसू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधले. तेव्हा तशीच रीत होती. किचनमधून नेहमीप्रमाणे दुधात अंडं फेटून आलं. बाई जैन आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते परत पाठवलं आणि साधं दूध मागवलं. तेवढ्यात साहेब वॉर्डात आले. अव्वा डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या ओठांवर णमोकार मंत्र होता आणि बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांना शोधत होती.

साहेब बांधलेल्या हातांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सिस्टर, कात्री."

मी दिली. त्यांनी दोन्ही पट्ट्या कापल्या. नळीला हात लावला नाही. ती अव्वांनी स्वतःच हळूच ओढून काढली, बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली आणि हात जोडले. भूपाल धावत आला, त्यानं साहेबांची गचांडी धरली. "तुमचं काय जातंय ओ? माझी आई हाय ती." साहेबांनी त्याचा हात सोडवला नाही. जरा वेळानं त्यानंच सोडला, आणि संध्याकाळी तो आईला घरी घेऊन गेला.

घरी अव्वांनी सल्लेखना घेतली, भूपालनं मग अडवलं नाही. साहेब आष्ट्याला जाऊन आले, ओसरीवर बायका स्तोत्रं म्हणत होत्या तिथं कोपऱ्यात बसले. भूपाल त्यांच्याशी बोलला नाही. लग्नाआधीच अव्वा वारल्या.

पंचांना निमित्त मिळालं. एका बाईच्या आत्महत्येला पाळकानं मदत केली, असं ठरलं. तिला ख्रिस्ताविषयी सांगितलंत का, असा सभेत प्रश्न आला. साहेब म्हणाले, "तिनं विचारलं नाही. मी तिचं ऐकत होतो." या उत्तरावर कुठल्या मंडळीनं त्यांना ठेवलं असतं? त्यांना माणमधल्या एका लहानशा चर्चमध्ये पाठवलं. तिथं पुरुष मुंबईला, मंडळीत चार म्हाताऱ्या आणि शेळ्या राखणाऱ्या बाया. आणखी एक झालं. डॉक्टरांनी हात बांधायची पद्धत बंद केली.

मी साताऱ्याला माहेरी जायचे तेव्हा पुढं दहिवडीपर्यंत जाऊन त्यांना भेटून यायचे. पाळकीणबाई भाकरी वाढायच्या. साहेब हॉस्पिटलमधल्या कुणाचीही चौकशी करत नसत. एकच विचारत, "भूपाल कसा आहे?" मी म्हणायचे, मला कसं कळणार? ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, त्या दिवशी मी आईचं ऐकलं, मुलाला स्टूलसुद्धा दिलं नाही. रागात होतो. आईच्या बाबतीत बरोबर आणि मुलाच्या बाबतीत चूक, असं एकाच कात्रीनं होतं का, सिस्टर?

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षी ते तापानं गेले. दवाखाना लांब आणि ताप अंगावर काढायची सवय. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. लोक पांगत होते. कबरीपाशी एक दांडगा माणूस चपला काढून उभा होता. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, पण भूपाल आला होता. त्यानं मला ओळखलं.

"शिस्टर, त्यांनी केलं ते मला अजून पटलेलं न्हाई," तो म्हणाला. मग कबरीकडं बघत म्हणाला, "पर जाताना आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरीवला. लय येळ फिरीवत हुती. बांधलेली असती तर ते झालं नसतं. एवढंच त्यास्नी सांगायचं हुतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत ऱ्हायलो."

साहेब आपल्याबद्दल कधी काही बोलायचे का, असं त्यानं विचारलं. मी खोटं बोलत नाही. म्हटलं, दर वेळी तुमचंच विचारत. तो तिथंच मातीत बसला. मी पाळकीणबाईंना बोलवायला गेले, कारण हे त्यांनी भूपालच्या तोंडून ऐकायला हवं होतं.