कापूस गेला, खाज राहिली

सुमन, घाटंजीच्या स्टँडवर तू मला एस्टीत बसवून दिलंस तेव्हा मी तुझ्यावर खेकसले होते, आठवतं? तू म्हणालीस, "जाऊबाई, पोरापाशी जाऊन राह्यल्या, मंग रडता कायले?" आणि मी ऐटीत, "रडते कोण? डोयात कापूस गेला!" बावन्न वर्षांची बाई, आणि खोटं बोलायलाही कापूसच सापडला.

त्याआधीच्या वर्षांत भाव चढायची वाट पाहत कापूस माजघरात आढ्यापर्यंत भरलेला असायचा. आपण त्याच्यावरच झोपायचो आणि घरभर खाजवत बसायचो. मग कापूस विकला, तुमची सगळ्यांची खाज गेली. माझी राहिली. मांडीवर, पाठीवर तांबूस चट्टे, वर पापुद्रे. तू रोज पाठीला कडुलिंबाचं तेल लावायचीस आणि मी छातीठोक सांगायचे, "कापसाचीच होय, जाते आपोआप." मोठी डॉक्टरीण! दोन वर्षं तेच धरून बसले.

पुण्यात मुलानं बायोप्सी करवली. त्वचेचा लिम्फोमा निघाला. कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशींच्या जीनमध्ये बदल झालेत. झालं! हा शब्द मला ठाऊक होता. बीटी बियाण्याच्या नव्या पाकिटांबरोबर तो आपल्या गावभर फिरला होता. मी अर्थ लावला: कापसावर झोपले, त्याचा जीन अंगात शिरला, आता सरकीतून सरकीत जातो तसा माझ्यातून नातीत जाणार. मांडीवर घेतलं तरी जाणार! कोणाला विचारलं नाही. विचारेल ती मी कसली?

चिऊ तेव्हा दोन वर्षांची. धावत यायची आणि मी हात आडवा धरायचे, "दूर राह्य!" सुनेला वाटलं, म्हातारीला पोरीचा लळा नाही. वाटू दिलं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात दिव्यांच्या कपाटात उभी राहायचे, लाइट ट्रीटमेंट. घाटंजीची बाई पुण्यात ऊन खायला नंबर लावते! पण हे सांगून हसायला शेजारी कोणी नव्हतं.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंसमोर तोंडातून निघून गेलं. त्या हसल्या नाहीत. "आजी, बियाण्याचा यात काही संबंध नाही. हे बदल तुम्ही जन्मासोबत आणले नाहीत, नातीला देणारही नाही. तुमच्याच एका संरक्षक पेशीत ते मध्ये कधीतरी झाले, साठत गेले. साध्या खाजेत आठवडी बाजारासारख्या गावोगावच्या पेशी जमतात. तुमच्या मांडीवरच्या आणि पाठीवरच्या चट्ट्यांत एकाच पेशीची पिल्लावळ सापडली, सगळ्यांवर एकच खूण. त्यावरून तर आमची खात्री पटली."

रिक्षानं घरी आले. चपलासुद्धा न काढता दारातच बसले, हात पसरले. "ये माय, ये."

चिऊ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माझ्याच हेलात म्हणाली, "दूर राह्य."

त्या अख्ख्या घरात माझ्यासारखं बोलणारी ती एकटीच निघाली, सुमन. आणि तिला दोनच शब्द येत होते.

आता ती कॉलेजात आहे. गुणी आहे. "आजी, काही हवंय?" विचारते, दारातूनच. चट्टे अधूनमधून येतात, दबतात. मांडीला मलम मी लावते. दोन खांद्यांच्या मधोमध मात्र हात पोचत नाही, आणि तिला हाक मारायला जीभ उचलत नाही. "तुझं घर कुठं?" म्हणून मला कोणी विचारलं, तर तुझा तेलाचा हात फिरायचा ती जागा मी दाखवीन. दाखवायलाही हात पुरणार नाही, ते वेगळं.