अकरावा नंबर

पनवेलला माझा सायबर कॅफे होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी एक मासेवाली आली. टोपली बाहेर ठेवून तिने तीनतीनदा पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे एक ओलसर कागद धरला. त्यावर अकरा नंबर होते.

त्यांच्या बायकांच्या मंडळाने त्या वर्षी अध्यक्ष मोबाइलवर मतं देऊन निवडली होती. हिची जाऊ एका मताने पडली. मत दिल्यावर प्रत्येकीला पावतीचा नंबर आला होता आणि मोजलेल्या पावत्यांची यादी साइटवर होती. मत कुणाला गेलं ते त्यात दिसत नव्हतं, मोजलं गेलं एवढंच कळायचं.

"आमी अकराजनींनी तिलाच दिलं, बाय. पोरांच्या शपता घेतल्यात. मशीन धाच दावतंय. एक मत खाल्लं बग."

मला तपासणीची भारी हौस. मी भराभर नंबर टाकू लागले. ती मासळी मोजावी तशी मोजत होती, एक न म्हणता 'लाभ', मग दोन, तीन. नंबर सापडला की तिचा चेहरा आणखीच उतरायचा. दहा सापडले. अकरावा टाकणार, तोच तिने माझा हात धरला.

"ऱ्हाव दे, बाय."

"अहो, एकच तर राहिलाय!"

"ह्यो पन गावला तर मशीन खरं. मंग आमच्यातली खोटी कोन? उद्या बाजारात कुनाच्या शेजारी बसू?"

कागद कमरेला खोचून ती गेली. तो नंबर मला पाठ झाला होता. मी कॉम्प्युटर बंद केला.