ब्रायनची शेगडी आणि माझे फुलके

किस्से म्हणजे सिंकमधली भांडी. एक घासून ठेवावं, तोवर दोन नवीन येऊन पडतात. त्यात इकडे परदेशात, आमच्या ल्यूकन गावच्या मराठी मंडळींत गॅसचा वाद सुरू झाल्यापासून तर विचारूच नका!

झालंय असं, की इकडे नव्या घरांत गॅसची शेगडी नकोच, जुन्यांतलीही काढा, अशी चर्चा चालू आहे. आमचा घरमालक ब्रायन लगेच म्हणाला, "तुमचाही गॅस काढून इंडक्शन बसवतो."

मी घरून फुलके करून विकते. जाळावर टाकला की टम्म फुगतो, म्हणून तर लोक लांबून येतात. जाळ गेला की माझा धंदा गेला. मी सांगितलं, "माझ्या गॅसला हात लावायचा नाही!"

*

आमच्या मंडळींतली पल्लवी तासाभरावरच्या मलिंगारच्या हॉस्पिटलात छातीची डॉक्टर. आली की उपदेश.

"मावशी, गॅसने घरातली हवा खराब होते. पोरांच्या छातीला वाईट. खिडकी उघडी ठेवत जा."

"नोव्हेंबरात?"

"हो."

"मग न्यूमोनिया झाला की तुझ्याकडेच घेऊन येते!"

यावर तिने मग पिशवीतून हळूच एक भलंमोठं वांगं काढलं. तिच्या नव्या घरी इंडक्शन. भरताचं वांगं भाजायला बाई मलिंगारहून गाडी हाकत आली होती! वर म्हणते, "भाजताना खिडकी उघडा हं."

*

आमच्यातलाच सचिन शहरात बॉल्सब्रिजला ऑफिसात आहे. त्याच्या नव्या फ्लॅटमध्येही इंडक्शन. त्याची आई साताऱ्याकडून आली, येताना आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन. शेगडीवर ठेवलं की शेगडी पीं पीं करून बंद!

काकू रडायच्या बेतात. "ल्योकाच्या घरात शेगडीबी मला वळखंना!"

सचिनने समजावलं, की ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटतो तेच यावर चालतं. काकूंनी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट उचलला, दुकानात गेल्या आणि एकेक भांडं उलटं करून बुडाला गणपती लावायला लागल्या. सिक्युरिटीवाला आला. "एव्हरीथिंग ऑल राइट, लव्ह?"

काकू म्हणाल्या, "कौल लावतीया. गप उभा ऱ्हा!"

उभा राहिला की! गणपती चिकटला तेव्हा टाळ्या त्यानेच वाजवल्या.

*

माझा ओम. मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र इंग्रजीतच; आईचीही इकडच्या पोरांसारखी 'मॅम' केलीय. एक दिवस शाळेतून आला आणि दप्तर फेकून म्हणाला, "मॅम, यू आर कुकिंग द प्लॅनेट!"

म्हटलं बरं. वाचवू प्लॅनेट. रात्री ताटात काकडी, गाजर आणि कच्चे पोहे. सकाळी परत तेच. दुपारी स्वारी माझ्यामागे येऊन उभी.

"मॅम, इज वन ऑम्लेट ओके फॉर द प्लॅनेट?"

"मला काय विचारतोस? त्यालाच विचार."

पोराने खिडकीतून बाहेर बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ही सेज इट्स ग्रँड."

*

आणि मग तो रविवार. ब्रायन स्वतःच एक छोटी इंडक्शन शेगडी आणि तवा घेऊन दारात हजर.

"सुनंदा, यावर फुलका फुगला तर मी गॅस काढणार. नाही फुगला तर पुन्हा विषय काढणार नाही."

फुलके न्यायला आलेले सगळे ओट्याशी गोळा झाले. मी म्हटलं, "ठरलं!" मला काय माहीत, हा बाबा घरी व्हिडिओ बघून सराव करून आलाय!

फुलका मी लाटला. भाजायला तो उभा राहिला. उलटला, फडक्याचा बोळा केला आणि कडेकडेने हलक्या हाताने दाबायला लागला. एका बाजूला फुगा आला. मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही फुगे सरकत सरकत एकमेकांना भेटले आणि फुलका टम्म! चेंडूच!

ब्रायनचे कान आनंदाने लालबुंद झाले. "फोटो! कुणीतरी फोटो काढा!" म्हणत तो मागे वळला. सगळे आपापला फोन शोधायला लागले.

मी पुढे झाले आणि फुलक्यात बोट खुपसलं. फुस्स!

"कुठे फुगलाय?"