उल्हास दातीरांचं वरचं माप

पडदा वर जातो तेव्हा मंचावर निळसर उजेड, काचेची एक पेटी आणि तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेले उल्हास दातीर. दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेचा तळमजला. बाहेर मे महिन्यातल्या लूची भाजणारी झळ, आत एसीचा गारठा. समोरच्या बाटल्यांत किडनीच्या पेशी वाढताहेत. त्यांना गुलाबी खाद्य घालायचं, अंगाएवढी ऊब द्यायची आणि जंतू शिरू द्यायचे नाहीत, ही दातीरांची सव्वीस वर्षांची नोकरी. नटानं तोंडाला रंग लावावा, तशा श्रद्धेनं ते हातमोजे चढवत.

त्यांची ख्याती एकच: दातीरांची बाटली कधी गढूळ होत नाही. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या घरीही ते कोथिंबीर तीनदा धुवायला लावत. विनयावहिनी म्हणत, "अहो, कोशिंबीर करतेय, ऑपरेशन नाही!"

या स्वच्छतेचं गुपित मात्र वहिनींनाही ठाऊक नव्हतं. खाद्यात अँटिबायोटिकचं एक माप घालायचं, असा नियम. दातीर दोन घालत. नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्या बाटल्या नासल्या होत्या आणि तेव्हाच्या साहेबांनी भर सभेत त्यांना हात वर करायला लावून म्हटलं होतं, "देखिए, ये हैं वो हाथ." तेव्हापासून एक माप संस्थेचं आणि एक अब्रूचं.

केतकी त्यांच्याच बाटल्यांवर पीएचडी करत होती. एक विषारी धातू किडनीच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे पेशीच्या वीजघरांना, किती छळतो ते तिला मोजायचं होतं. पंचाईत अशी, की ज्या पेशींना तिनं धातू दिलाच नव्हता, त्याही धापा टाकत होत्या. आठ महिने हेच. तिच्या मार्गदर्शक अलकनंदा मॅडमनी निकाल दिला होता, "तुझा हातच बसलेला नाही. महिनाअखेर हा विषय बंद."

चहाच्या वेळी ती दातीरांपाशी रडकुंडीला आली. "काका, मायटोकॉन्ड्रिया मूळचे बॅक्टेरियासारखेच. खूप जुन्या काळी पेशीत घुसले आणि तिथेच राहिले."

"म्हणजे भाडेकरू?"

"बिल्कुल! म्हणून बॅक्टेरियाचं औषध कधी कधी त्यांनाही बाधतं. आपलं अँटिबायोटिक तर किडनीच्या पेशी आत साठवून ठेवतात. पण एका मापानं एवढं नाही होत. मग माझाच हात खराब ना?"

दातीरांचा चहा तसाच राहिला. निवृत्तीला पंधरवडा उरला होता. निष्कलंक सेवेचं मानपत्र छापून तयार होतं. तोंड मिटून बसले असते, तर कुणालाच काही कळलं नसतं. फक्त या वेळी सभेत वर व्हायचे हात केतकीचे असते.

ते उठले आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेले. केतकी मागोमाग.

"मॅडम, मी दोन मापं घालतो."

"कधीपासून?"

"पंचवीस वर्षं झाली."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांची स्वतःची पीएचडी दातीरांच्याच बाटल्यांवर झाली होती! त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "औषधाचा थेंबही न घालता तीन बाटल्या वाढवा. दहा दिवस. मग बघू."

आता खरी परीक्षा. सव्वीस वर्षं बाटल्या राखल्या त्या हातांनी, की औषधानं? दातीर श्वास रोखून काम करत. चौथ्या दिवशी पहिली बाटली गढुळली, सातव्या दिवशी दुसरी. आयुष्याची कीर्ती आठवड्यात धुतली गेली. तिसरी मात्र टिकली. दहाव्या दिवशी केतकीनं तिच्यातल्या पेशी मोजयंत्रावर चढवल्या, आणि त्या अशा भरभरून श्वास घेऊ लागल्या की ती ओरडलीच, "काका, या तर पळताहेत!"

मॅडमनी तिला एक वर्ष वाढवून दिलं. स्वतःच्या जुन्या प्रबंधाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

निरोपाच्या दिवशी मानपत्र वाचलं गेलं. त्यातला 'निष्कलंक' हा शब्द वाचणाऱ्यानं समजूतदारपणे गिळला. केतकीनं विचारलं, "काका, तुमच्या जागी जो येईल त्याला तुमच्याबद्दल काय सांगू?"

दातीर मोजे उतरवत म्हणाले, "सगळं खरं सांग. पण आधी त्याला हात धुवायला लाव."