‘काढो’ नावाचं बटण

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत प्रश्न नाहीसे व्हायला लागले होते. कागदावरचे असते तर मी उंदरांच्या नावाने खडे फोडले असते, पण हे प्रश्न कॉम्प्युटरमधले. ट्रस्टने आपल्या सगळ्या शाळांसाठी एकच सॉफ्टवेअर घेतलं होतं. आम्ही मास्तर-बायांनी त्यात धड्याधड्याचे प्रश्न भरून ठेवायचे आणि परीक्षा आली की त्यातूनच निवडून पेपर तयार करायचा. बटणं, सूचना, सगळं गुजरातीत. मराठीवाल्यांसाठी वेगळं करायला कोण बसलंय!

आधी विज्ञानाचा एक धडा रिकामा झाला. मग भूगोल. कालपर्यंत दिसणारे प्रश्न आज नाहीत, आणि जायचे तेही नेमके चांगले चांगले. बाजारातल्या क्लासवाल्यांना कुणीतरी प्रश्न विकतंय आणि मागचं पुसून टाकतंय, अशी कुजबुज सुरू झाली. स्टाफरूममध्ये पाय ठेवला की बोलणं थांबायचं. मी मुख्याध्यापिका, चिडून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्लीच स्वतःकडे घेतली. तरी प्रश्न जातच राहिले. व माय, आता काय करावं?

पेपरांचं सगळं काम होतं आमच्या एका नव्या बाईंच्या गळ्यात. अकोल्याकडच्या. नवरा बमरोलीच्या मिलमध्ये लागला म्हणून वर्षापूर्वी सुरतेत आलेल्या. गुजराती अक्षरं लावून लावून वाचायच्या, अर्थ निम्मा अंदाजाने. नोकरी कंत्राटाची. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे याच परीक्षेनंतर ठरणार होतं. म्हणून बिचाऱ्या जीव तोडून राबायच्या, रविवारीसुद्धा माझ्याकडून किल्ली मागून न्यायच्या.

एक दिवस ट्रस्टचे साहेब आले. ऑफिसात बाईंना बोलावलं आणि दुभाषी म्हणून मला. सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना कळवलं होतं की हे सगळं एकाच नावाने होतंय. मी खुर्चीत टेकतेय तोवर साहेबांनी थेट विचारलं, “प्रश्नो कोणे काढ्या?”

बाईंचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं ना!

“मीच काढले, साहेब. सगळे मीच. सुट्टीच्या दिवशी येऊन काढले. कुणाची मदत नाही घेतली.”

साहेब मागे रेलले. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रश्न निवडून खूण केली की खाली एक बटण यायचं, ‘काढो’. आपण पेपर काढतो म्हणजे तयार करतो. गुजरातीत काढो म्हणजे काढून टाका! बाई एकेक उत्तम प्रश्न निवडत होत्या, ‘काढो’ दाबत होत्या, आणि प्रश्न समोरून गेले की त्यांना वाटायचं, चला, पेपर झाला, ट्रस्टच्या मोठ्या ऑफिसला पोचला.

मी उभी राहून गुजरातीत भडाभडा सगळं सांगितलं. शब्दाचा घोळ आहे, बाई चोर नाहीत. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बटन कोणे दाब्युं?” एवढंच विचारलं. परीक्षा तोंडावर, वरून विचारणा होणार, आणि त्यांना बोट दाखवायला कुणीतरी हवंच होतं. असा संताप आला मला, त्या माणसाचा आणि त्या मेल्या शब्दाचाही!

साहेब उठले आणि बाईंकडे बघत मला म्हणाले, “आ बेनने काढो.”

गुजरातीतला ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. या बाईला काढा. पण बाईंनी तो आपला ‘ने’ ऐकला. या बाईने काढावेत.

“काढते ना साहेब,” त्या पदर सावरत म्हणाल्या, “उद्यापर्यंत सगळे परत काढून देते.”

साहेब दाराबाहेर पडताच त्यांनी माझा हात घट्ट धरला. एरवी शाळेत शुद्ध बोलायचं म्हणून जपणाऱ्या बाई आनंदात गावाकडचं बोलून गेल्या.

“ताई, म्हंजे आता मले कायम करतीन ना?”