मडक्यातला कापूस

नांदुऱ्याच्या फलाटावर मी सामान तीनदा मोजलं. यादीत तेरा नग होते, फलाटावर चौदा. चौदावं गाठोडं मायचं होतं, सरकी काढलेल्या कापसाचं. "नागपुरात गादीत कापूस असते का भुसा, कोनाले मालूम!" म्हणत तिने ते खिडकीतून माझ्या मांडीवर ढकललं. ह्यांची नागपूरच्या कचेरीत बदली झाली होती. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले. मी गाडीतच वहीत नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, 'परतीच्या सामानाची यादी'.

दोन वर्षांची आठ झाली. गादी मी भरलीच नाही. परत न्यायला आणखी एक नग कशाला वाढवा? दोन पेट्या तर दोरीसकट तशाच होत्या. माय मात्र आमच्या गावाहून, वडनेरहून, इकडे येईल त्याच्या हाती कापूस धाडत राहिली.

सातव्या वर्षी फिंच आल्या. शेजारचे साहेब बदलून जाताना पिंजरा आमच्या ओसरीत टांगून गेले. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, कलकत्त्याच्या बाजारातून आणलेल्या, अंगठ्याएवढ्या दोन चिमण्या. लाल चोच, नराच्या गालावर शेंदरी ठिपका, आवाज पिपाणीचा. पिलं होतील, असं साहेब म्हणाले, म्हणून मी वहीत पिलांचा रकाना आखला.

पिंजऱ्यात मडकं आडवं बांधलं. राळे आणि पाणी वेळेवर. घरट्याला अर्थातच वऱ्हाडचा कापूस, रोज सकाळी मूठभर. नर चोच भरभरून आत नेई. मादी शेंगदाण्याएवढी पांढरी अंडी घाली. वर्षअखेर वहीत अंडी सतरा, पिलं शून्य. मी राळे बदलले, मडकं बदललं, पिंजऱ्याची दिशा बदलली. हे म्हणाले, "आता फक्त नराची बदली करायची राहिली."

दिवाळीनंतर माय आली, गाठोड्यासकट. सकाळी मी मूठ टाकताना ती बघत उभी होती. मग तिने मडक्यात दोन बोटं घातली. वर कापूस, खाली अंडी, त्याखाली पुन्हा कापूस, पुन्हा अंडी.

"काऊन वं, तू कापूस देऊन राह्यली अन् हे पाखरं घरटंच बांधून राह्यले. अंड्यावर बसतीन कवा?"

"कापूस तर तूच धाडतेस!"

"म्या गादीसाठी धाडला. कुठी हाय गादी?"

तिची नजर दोरी बांधलेल्या पेट्यांवर गेली. "तुह्यापेक्षा चिमणी बरी. ते निदान बांधून तं राह्यली."

त्याच दिवशी मडकं साफ केलं. नवीन अंडी दिसताच कापूस बंद केला. पिंजारी बोलावून गादी भरून घेतली. पेट्यांच्या दोऱ्या सोडल्या, तर एकीत माझीच लग्नातली परात निघाली. आठ वर्षं मी परात शेजारून मागून आणत होते.

दोन आठवड्यांनी मडक्यातून बारीक चिवचिव आली. पिलं चार. माय त्या गादीवर महिनाभर झोपली आणि निघताना म्हणाली, "आता कापूस नाही धाडत." मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. यंदा तिने राळ्याची कणसं धाडली आहेत.

वडनेरची माणसं अजून विचारतात, "घरी कवा येता?" येऊ की, आठ दिवस, पाहुण्यांसारखे. परतीच्या सामानाची यादी मी पिंजऱ्याच्या तळाला अंथरली आहे. तिच्यावर चार पिलं रोज आपापली नोंद करतात.