अक्कांचा गळ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. पाणी मात्र कुठंच नव्हतं. त्याच दुष्काळात मी नांदेडहून तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले, वर्षभराच्या बोलीवर. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पाठ पाहून चांगला शेरा दिला तर नोकरी कायम, नाहीतर परत भावाच्या घरी. तिथं वहिनी स्थळांची यादी घेऊन बसलेलीच होती. मला जायचं नव्हतं. खोली भाड्याची का होईना, तिची किल्ली माझ्या कमरेला होती.

पाठाच्या धड्यात नेमकं वाक्य आलं: आई ही कुटुंबाची 'अँकर' असते. मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. गोदावरीत खुंटाला बांधलेली नाव पाहिली होती, एवढाच माझा दर्यावर्दीपणा. बरं, नांगर म्हणावं तर पोरांच्या डोळ्यांपुढं बैल येणार.

मग घरमालकीण अक्कांचा गळ आठवला. विहिरीत पडलेली बादली काढायचे ते लोखंडी आकडे, थेट पुस्तकातल्या चित्रासारखे. पाणी तळाला गेल्यापासून गल्लीत रोज कुणाची तरी बादली पडायची आणि गळ मागायला अक्कांकडंच यावं लागायचं. नियम एकच: गळ नेताना एक भांडं तारण ठेवायचं. मी आईनं दिलेला पितळी तांब्या ठेवला.

पाठ रंगात आला. जहाज धरून ठेवतो तो अँकर, अडचणीत ज्याचा आधार वाटतो तो माणूसही अँकर, असं मी गळ उंच धरून सांगत होते. साहेब मागच्या बाकावर लिहीत होते. तेवढ्यात दारात अक्का.

"अगं बाई, गळ दे आधी! दोन बादल्या हिरीत गेल्या अन् तू इथं घेऊन बसलीस व्हय?"

वर्गात हशा फुटला. साहेब गंभीरपणे अक्कांना म्हणाले, "बाई, जहाज जागेवर धरून ठेवायला असंच काहीतरी असतं."

"आसंल. आमचा तर वर काढतो, साहेब," म्हणत अक्का गळ काखेत मारून गेल्या. साहेबांनी बरंच काही लिहिलं आणि वही मिटली.

महिनाभर काही कळलं नाही. त्या महिन्यात मी दोनदा पेटी भरली आणि दोनदा रिकामी केली. गळ परत जाऊनही अक्कांनी तांब्या दिला नव्हता, त्याचाही मला मनातून राग होता, पण मागायचा धीर होईना.

अखेर हुकूम आला: कायम. सोबत शेरा होता, 'साधन उत्तम. मात्र पाठ संपण्यापूर्वीच नेण्यात आले.'

पेढे घेऊन मी अक्कांकडं गेले आणि तांब्या मागितला.

"आता ने," अक्का म्हणाल्या. "भरलेली पेटी बघितली व्हती मी. आईचा तांब्या सोडून तू काय नांदेडला जात न्हाईस, म्हणून ठिवला."

मला रडूच आलं. पुढं अँकर शिकवताना मी वर्गात गळ कधी नेला नाही, तो तांब्या नेत गेले.